पडायचा दोर

कातळचढाईतला कॅराबिनर म्हणजे काय, हे आईला सांगताना मी "आकडा" एवढंच म्हणालो. म्हशीच्या साखळीला असतो तसा, फक्त एका बाजूनं उघडणारा. तिनं तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, "एवढा हलका? तुटेल की रे."

तुटत नाही, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. धातूवर काही कोरलेलं दिसलं की वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. या आकड्यावर तीन बारीक नोंदी आहेत: उभा ओढला तर २२, आडवा पडला तर ८, तोंड उघडं राहिलं तर ७. सगळं किलोन्यूटनमध्ये. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ शंभर किलो धरा, म्हणजे सरळ लागलेला हा आकडा सव्वादोन टन पेलतो. तोच तोंड उघडं ठेवून लागला तर सातशे किलो. आमच्या शॉपमध्ये कुठलाही पार्ट इतका प्रांजळ नसतो. शिवाय हा ओतीव नाही, ठोकून घडवलेला, जस्त मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा. दिवसभर ओतकामातली छिद्रं शोधणाऱ्या माणसाला असली वस्तू हातात धरून बसावंसं वाटलं तर त्यात माझा काय दोष?

गेल्या हिवाळ्यात शॉपमधला एकजण मला बदामीला कातळ चढायला घेऊन गेला. तिथं त्याचे बूट, त्याचा हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा), त्याचा दोर, आणि माझी फक्त भीती. दोन दिवसांत बोटांची सालटी निघाली. सोमवारी मापं घ्यायचा व्हर्नियर धरवेना. मंगळवारी मी पहिली ऑर्डर टाकली.

आधी बूट आले. चढाईचे बूट पायाच्या मापाचे घेत नाहीत, बोटं किंचित मुडपतील इतके घट्ट घेतात. मग हार्नेस, हेल्मेट, हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीची थैली, बिले द्यायचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरून ठेवायचं यंत्र. मग स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्टीचा फास, मग आणखी दोन आकडे, कारण चारपेक्षा सहा बरे दिसतात. पार्सलं कारखान्याच्या पत्त्यावर येतात. तिथून ती एकेक करून घरात शिरतात, आणि किमती शिरताना वाटेत निम्म्या होतात. मध्यंतरी मी हिशोब मांडला: प्रत्यक्ष कातळाला हात लावल्याचे दिवस ११, घरात आलेल्या वस्तू १९. रात्री जेवण झालं की मी त्या सतरंजीवर ओळीनं मांडतो, पुसतो, परत भरतो. आई म्हणते, लहानपणी भातुकली खेळला नाहीस ते आता चाललंय.

पण खरी मजा दोराची आहे.

दोर आला त्या दिवशी मी तो व्हर्नियरनं मोजला, हे कबूल करतो. पट्टीवर ९.८ मिलिमीटर लिहिलेलं. माझ्याकडं एकदा ९.६ आलं, एकदा ९.३. दोर मऊ असतो, जबडे जितके दाबाल तितका बारीक होतो. गंमत म्हणजे चिडलो नाही. साठ मीटर लांबी, बाहेरून घट्ट विणलेलं आवरण आणि आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा. भार बहुतेक गाभ्यावर, आवरण मुख्यतः त्याला जपायला.

रविवारी तो घेऊन येळ्ळूरला काकांकडं गेलो. म्हटलं तर भेटायला, म्हटलं तर मिरवायला. काकांची उमर दोरांत गेलेली. मोटेचा नाडा, बैलांचा कासरा, जनावरांची दावी, चऱ्हाटं. घायपात कुजवून, त्याचा वाख काढून मांडीवर वळणारी ती पिढी. काकांनी माझा दोर सोप्यात बसून हातात घेतला. आधी वास घेतला. मग नखानं आवरण खरवडलं, पीळ दिसतो का बघितलं, दिसला नाही. मग एक टोक जोत्याच्या खांबाला बांधून दुसरं स्वतःच्या कमरेभोवती घेतलं आणि मागं रेलले. दोर ताणला गेला. काकांनी मान हलवली.

"ह्यो ढिला हाय रे. बादली बांधलीस तर खाली-वर नाचंल."

मी समजावायला लागलो. म्हटलं, काका, तो ताणलाच पाहिजे. माणूस वरून पडला आणि दोर ताठ राहिला, तर झटका सगळा कमरेला बसतो, कणा मोडतो. हा दोर ताणत ताणत झटका गिळतो. चाचणीत ८० किलोचं वजन त्याच्यावर मुद्दाम पाडतात. एकदा नव्हे, कमीत कमी ५ वेळा. तेवढं सोसलं तरच त्याला पास करतात.

काका बराच वेळ दोराकडं बघत राहिले.

"मंजे पडायचं ठरवूनच वर जातासा व्हय तुम्ही?"

याला काय उत्तर द्यायचं? काकांच्या एकाही दोरावर माणूस पडेल असं धरलेलं नव्हतं. निघताना त्यांनी दोराची गुंडाळी स्वतः करून दिली. माझ्यापेक्षा सुबक.

डोळेही बिघडलेत. काकांच्या विहिरीच्या जांभ्यातल्या भोकांत आता मला पाणी झिरपल्याचं दिसत नाही, दोन बोटांची पकड दिसते. बसमध्ये बसलो की राजहंसगडाच्या तटात पाय कुठं ठेवता येईल ते शोधतो. (तटावर चढायचं नसतं, हे मला कळतं. शोधायला काय जातं?)

दोरावर पाय द्यायचा नाही, हा चढणाऱ्यांचा पहिला नियम. बुटाखालची कचकच आवरणातून आत शिरते आणि गाभा आतल्या आत कापत राहते. घरात हा नियम मी इतक्यांदा सांगितला की आईनं त्याचा स्वतःपुरता अर्थ लावून टाकला. एकदा केर काढताना तिचा पाय दोराला लागला. तिनं वाकून दोराला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पुस्तकाला पाय लागल्यावर करतात तसं.

त्यामुळं खंडेनवमीला जे झालं ते होणारच होतं. पाटावर विळी, शिलाई मशीनची कात्री, माझा व्हर्नियर, आणि मधोमध दोराची गुंडाळी. तिच्या बोटावर ओलं हळदकुंकू. मी मोरीतून ओरडत आलो. नायलॉनला कसलं रसायन लागून चालत नाही, बाजारच्या कुंकवात काय असतं देव जाणे. "कुंकवाला रसायन म्हणतोस?" आई म्हणाली. बरीच बोलणी झाली. शेवटी दोराला नुसतं फूल, आणि कुंकू आकड्यांना, असं ठरलं. तिनं सहाही आकड्यांना लावलं, नेमकं कोरलेल्या जागी. मी पुसलं, तरी २२ च्या खाचेत ते बसलं ते बसलंच.

नोव्हेंबरात स्वतःच्या दोरासकट बदामीला गेलो. पहाटे निघालो, यरगट्टीला चहा, ऊन तापायच्या आत कड्याखाली. बदामीचा वालुकाश्म लाल, थरावर थर, बोटांना आडव्या फळ्या लावून ठेवल्यासारखा. तो ओला असेल तर चढायचं नसतं. पाणी पिऊन दगड भुसभुशीत होतो आणि पकड हातात निघून येते. लेण्यांकडं आम्ही फिरकत नाही. ती चालुक्यांची. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. तिथं नुसतं हात मागं बांधून बघावं.

आठाची गाठ मारली, मित्रानं ती तपासली, मी त्याचं यंत्र तपासलं. कड्यात बसवलेल्या चौथ्या बोल्टाच्या वर गेलो, उजवा पाय सुटला, आणि मी पडलो. फार नाही, तीनेक मीटर. झटका असा आलाच नाही. कुणी कमरेला धरून हळू बसवावं तसं झालं. मग दोर आखडला, मी वर गेलो, खाली आलो, परत वर. काका म्हणाले होते अगदी तसा नाचलो.

खाली शेळ्या घेऊन एक म्हातारा उभा होता. मी उतरल्यावर त्यानं दोर चिमटीत धरला. कन्नडात दोराला हग्ग म्हणतात. मराठी घरात हा शब्द मोठ्यानं काढायची सोय नाही, पण इकडं सरळ चालतो.

"हग्ग येष्टु री?"

तिथं घरचं कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं, "हदिमूरु साविर." तेरा हजार.

त्यानं दोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आपल्या शेळ्यांकडं. "एरड आड बर्तावु," म्हणाला. दोन शेळ्या येतात.

आईला मी चार हजार सांगितलेत.