ब्लू स्क्रीन: विंडोज फॉरमॅट करण्याआधी रॅम तपासा

घरच्या डेस्कटॉपवर दिवसातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन येत होती, म्हणजे विंडोज अचानक कोसळून निळा पडदा दिसत होता. विंडोज १०, ८ जीबीची जुनी डीडीआर४ रॅम आणि नंतर टाकलेली वेगळ्या कंपनीची आणखी ८ जीबी. अशा वेळी ‘फॉरमॅट मार’ हा सल्ला पहिला मिळतो. मी तो शेवटी ठेवला. रॅमच चुका करत असेल तर नवं विंडोजसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर उतरतं आणि पहिल्या दिवसापासून खराब असू शकतं.

आधी स्टॉप कोड, म्हणजे निळ्या पडद्यावर दिसणारं चुकीचं नाव, वाचता यायला हवा. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली, खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडलं (डंप म्हणजे कोसळताना विंडोज लिहून ठेवतं ती नोंदीची फाइल). पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद असेल तर डंप लिहिलाच जात नाही, म्हणून तीही सी ड्राइव्हवर चालू असल्याची खात्री केली.

चार दिवसांत पाच डंप जमले. कोड मात्र दर वेळी वेगळा: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, मग ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. डंप वाचणाऱ्या ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये ते उघडले तर प्रत्येक ठिकाणी एनटीओएसकर्नलचं नाव. इथे फसू नका. ती विंडोजची मुख्य फाइल आहे. चूक तिच्या लक्षात आली एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. सगळ्या डंपमध्ये एकच ग्राफिक्स किंवा वाय-फाय ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) दिसला असता तर मी तो आधी बदलला असता. कोड आणि ड्रायव्हर सारखे बदलत असतील तर संशय रॅमवर घ्यायचा.

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी ‘काही सापडलं नाही’ म्हणाली. त्यावर विसंबू नये, बऱ्याच चुका तिच्यातून निसटतात. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घातला आणि रात्री लावून ठेवला. मोफत आवृत्तीत चार पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होतात, ते चारही होऊ द्यायचे. पहिला पास छोटा असतो. सकाळी एरर १७ होत्या. एकसुद्धा एरर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आता रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासायची. पॉवर सप्लायचं बटण बंद, वायर काढली, मग कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज घालवली. पट्टीची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसली आणि रबराचा भुगा ब्रशने झटकला, कारण तो स्लॉटमध्ये पडला तर नवंच दुखणं लागतं. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘टक’ असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबली.

जुनी एकटी: शून्य एरर. नवी एकटी, त्याच स्लॉटमध्ये: शून्य. दोन्ही मिळून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये: पुन्हा एरर. नवी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये एकटी चालवली, तीही पास. म्हणजे पट्ट्या ठीक, स्लॉट ठीक, फक्त जोडी जमत नव्हती.

कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, होतं. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल, चालू होता: ३२०० चा वेग, १.३५ व्होल्ट. तो वेग म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. दोन पट्ट्यांचे टायमिंग वेगळे, आणि बोर्ड दोघींना एकाच प्रोफाइलवर पळवत होता. एक्सएमपी बंद केल्यावर २६६६ वर चारही पास स्वच्छ गेले. मग वेग हाताने २९३३ केला, व्होल्ट १.३५; तोही पास, म्हणून तिथेच थांबलो. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. ३२०० च हवा असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्यावी. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.

रॅम शुद्ध झाल्यावरच विंडोजची दुरुस्ती. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमचं ‘रिस्टोअर हेल्थ’, मग एसएफसी ‘स्कॅन नाउ’ चालवलं; दोन्ही विंडोजच्याच फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांड. एसएफसीने खराब फाइली सापडल्याचं आणि दुरुस्त केल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा चालवल्यावर काही निघालं नाही. पुढचे १५ दिवस विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘बगचेक’ची, म्हणजे ब्लू स्क्रीनची, १००१ ही नोंद आली नाही.

एक काम मात्र बरेच जण विसरतात. खराब रॅमच्या काळात कॉपी केलेल्या फाइलीही बिघडलेल्या असू शकतात. त्या दिवसांतले फोटो आणि झिप उघडून बघा, आणि तोवर कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.