पावणेचार इंच

लिलावात जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या कार्डांचा, मिश्र गठ्ठा घेतला, तेव्हा जुनं ते महाग एवढंच मला ठाऊक होतं. हा समज पहिल्याच संध्याकाळी गळून पडला. निम्म्याहून जास्त कार्डं १९८८ ते १९९१ मधली निघाली. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डं भरमसाट छापली आणि लोकांनीही पुढे भाव येईल म्हणून ती खोक्यांनी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपल्यावर भाव कुठून येणार? ती बाजूला ठेवली.

तळाशी मात्र रबरबँड लावलेली अकरा कार्डं होती, टॉप्स कंपनीची, १९५२ सालची. त्या संचात एकूण ४०७ कार्डं आहेत. ३११ पासूनची शेवटची मालिका दुर्मीळ, आणि त्यातला ३११ हा आकडाच मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचा. ही मालिका हंगाम सरता सरता बाजारात आली आणि पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर सांगत की १९६० मध्ये त्यांनी उरलेला माल बोटीतून नेऊन समुद्रात टाकला. मी अधीर होऊन अकराही कार्डं उलटली. सगळ्यात मोठा आकडा १७८. बंगल्याचा बेत रद्द.

तरी एक कार्ड डोळ्यांत भरलं. बाकी दहांचे कोपरे गोलटलेले, वरच्या आणि खालच्या कार्डाला रबरबँडचा खाचा पडलेला. हे एकच असं की चारही कोपरे टोकदार, चित्राभोवतीची पांढरी पट्टी चहूबाजूंनी सारखी. नकली असेल का, ही शंका आलीच. टॉप्सनेच १९८३ मध्ये हा संच पुन्हा छापला होता, पण त्या कार्डांच्या मागे ते पुनर्मुद्रण असल्याचं लिहिलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरलं. आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, हे चमकलं नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके बाकीच्या दहांसारखेच दिसले. अस्सल! मी खूश.

किंमत काढताना आधी फसलो. लोक मागतात तो भाव म्हणजे त्यांची इच्छा; बघायचा तो प्रत्यक्ष विक्रीचा आकडा, तोही त्याच क्रमांकाच्या, त्याच ग्रेडच्या (स्थितीला मिळालेल्या गुणांच्या) कार्डाचा. यात आणखी एक मेख आहे. १ ते ८० क्रमांकांची कार्डं मागच्या बाजूला काळ्या आणि लाल अशा दोन छपाईंत आली, त्यामुळे तिथे पाठही जुळवून बघावी लागते. दोन रात्री यातच गेल्या.

ग्रेडिंग म्हणजे कंपनी कार्ड तपासते, गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवते. त्याची फी दर कार्डामागे लागते, म्हणून तीनच पाठवली: ते देखणं आणि बऱ्यापैकी वाटलेली दोन. मग नुसती वाट बघणं.

पार्सल आलं. झिजक्या दोघांना दहापैकी ३ आणि २. देखण्याच्या डबीवर आकडाच नाही. कार्ड अस्सल, पण फेरफार केलेलं, एवढाच शेरा.

मोजपट्टी घेऊन बसलो. १९५२ चं कार्ड पावणेचार इंच उंच असतं. टॉप्सने अडीच बाय साडेतीन हे आजचं माप धरलं ते १९५७ पासून. माझं देखणं कार्ड बरोब्बर साडेतीन भरलं. झिजलेले कोपरे आणि वाकडी पट्टी कुणीतरी हलक्या हाताने कापून काढली होती. डबीतून कडेकडे भिंगाने पाहिलं, तर बाकीच्यांची कड चहाच्या डागासारखी पिवळट आणि याची पांढरीशुभ्र.

गंमत म्हणजे हे मला आधीच दिसलं होतं. पाठवण्यापूर्वी सगळ्यांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह घालत होतो. नेहमीच्या मापाच्या स्लीव्हमध्ये ते एकटंच चपखल बसलं, बाकीची दहा वर डोकं काढून राहिली. मी स्लीव्हवाल्याच्या नावाने बोटं मोडली आणि दहांसाठी मोठे स्लीव्ह मागवले.