वीस पोरं, एक आर्क आणि जुना मोबाईल

शिक्षणात टेक्नॉलॉजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्मार्ट बोर्ड येतो, टॅब्लेट घेतलेली स्वच्छ युनिफॉर्ममधली मुलं येतात. आमच्याकडे तसलं काही नाही. मी सरकारी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला निदेशक आहे, तालुक्याच्या गावात, आणि आमचा खरा वर्ग म्हणजे पत्र्याचं शेड. मे महिन्यात त्यात उभं राहून दाखवा. पोरं बहुतेक आजूबाजूच्या खेड्यातली, कुणी दहावी करून आलेलं, कुणी आठवीवर, कारण वेल्डरला आठवी पास पण चालतं. एक वर्षाचा कोर्स, वीस जणांची तुकडी. वर्षभरानंतर ही पोरं चाकणला जातात, कोल्हापूरच्या फौंड्रीत जातात, साखर कारखान्यात लागतात, नाहीतर गावातच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या शॉपमध्ये चिकटतात.

तर मुद्दा असा की वेल्डिंग शिकवताना नेमकं अडतं कुठं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. बाकी कुठलंही काम तुम्ही दुसऱ्याचं बघून शिकता. फिटरचा निदेशक कानस मारून दाखवतो तेव्हा सगळी तुकडी गोल करून उभी राहते आणि सगळ्यांना हात दिसतो. माझं काय होतं, मी वेल्डिंगचा रॉड टेकवला की आर्क पेटतो, म्हणजे रॉड आणि लोखंडामध्ये डोळे दिपवणारी वीज, मग ज्याच्या तोंडासमोर काळी काच आहे त्यानंच बघायचं, आणि काच असली तरी जवळून, बरोबर कोनातून दिसायला जागा तीन-चार जणांनाच, बाकीच्या पोरांना माझी पाठ दिसते आणि धूर दिसतो. आणि नुसत्या डोळ्यानं चोरून बघितलं तर रात्री डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, मग घरी आई बटाट्याच्या चकत्या ठेवते डोळ्यावर, हे प्रत्येक बॅचला एकदा तरी होतंच, कितीही ओरडा.

त्यात बघायचं असतं ते काय, तर आठ-दहा एमएमचं वितळलेलं लोखंडाचं डबकं, ज्याला आम्ही पडल म्हणतो. सगळी विद्या त्या पडलमध्ये आहे. ठिणग्यांकडे बघून काही शिकता येत नाही, रॉडच्या टोकाकडे एकटक बघूनही नाही, पडलची मागची कड कशी भरत जाते ते बघायचं. आणि नवीन पोराला स्लॅग (रॉडवरच्या लेपाचा वितळलेला मळ) कुठला आणि लोखंड कुठलं हेच कळत नाही, दोन्ही लाल-पिवळं, दोन्ही वाहणारं. तो स्लॅगलाच वेल्डिंग समजून पुढं जातो आणि स्लॅग काढायला चिपिंग हॅमर मारला की खाली मोकळी जागा. तुम्ही त्याला हजार वेळा सांगा "पडल बघ, पडल बघ", तो म्हणतो हो सर बघतोय, आणि तो बघत असतो भलतंच. त्याला काय दिसतंय ते मला दिसत नाही, मला काय दिसतंय ते त्याला दिसत नाही. पूर्वीच्या उस्तादांचा मार्ग एकच होता, मारत राहा, येईल आपोआप. येतं पण, खोटं नाही, फक्त तोपर्यंत वर्ष संपतं.

ह्यावर मोबाईलचा उपाय काही माझा शोध नाही, वेल्डिंगचे व्हिडिओ बनवणारे बरेच लोक हेच करतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर आपल्या शील्डमधली काळी काच लावायची. मी ११ नंबरची लावतो (नंबर मोठा तेवढी काच काळी), आणि तिच्यापुढं एक साधी पांढरी काच, कारण स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे थेंब, उडून काच खराब होणारच, मग ती वीस-पंचवीस रुपयाची पांढरी काच बदलली की झालं. घरात पडलेला जुना मोबाईल घेतलाय त्यासाठी, स्क्रीनला तडा गेलेला, कॅमेरा चांगला. स्टँड विकत आणलेला नाही, पोरांनीच बनवलाय, खाली दहा एमएमची प्लेट, त्यावर उभा बार, वर आडवा हात आणि क्लॅम्प, म्हणजे टी-फिलेटचा (टी आकाराच्या जोडाचा) एक सरावाचा जॉब पण झाला आणि स्टँड पण मिळाला.

कुणाला करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो, नाहीतर पहिल्या दिवशी नुसता पांढरा गोळा दिसेल आणि वैतागून सोडून द्याल. काच लावायच्या आधीच मोबाईलच्या स्क्रीनवर, रॉडचं टोक दिसतं तिथं बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग काच सरकवा, मग एक्स्पोजर खाली खाली आणत जा. लॉक केलं नाही तर आर्क पेटला की कॅमेरा गोंधळतो, विझला की परत गोंधळतो. मोबाईल जॉबच्या बाजूला ठेवायचा, वर नाही, वर धूर येतो. दीड फूट अंतर पुरतं. आणि काचेशिवाय आर्ककडे कॅमेरा धरून ठेवू नका, सेन्सरची वाट लागते. ट्रान्सफॉर्मरच्या सेटवर स्लो मोशन लावलं तर आर्क लुकलुकताना दिसतो, कारण ५० हर्ट्झच्या एसीवर तो सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, हे पोरांनी थिअरीत पाठ केलेलं असतं पण समोर बघितल्यावर जी शांतता पसरते वर्गात ती वेगळीच. (त्यानंतर "सर परत लावा" म्हणून जो गोंधळ होतो तो सांगत नाही.)

मग तो व्हिडिओ थिअरीच्या तासाला प्रोजेक्टरवर लावतो. लाईट असली तर. नसली तर मोबाईलवरच, पाच-पाच जणांना बोलावून. थांबवायचा, पडद्यावर बोट ठेवायचं, हे लोखंड, ही त्याची कड, हा मागनं येणारा स्लॅग, बघ आता स्लॅग पुढं पळाला, का पळाला, रॉडचा कोन पडला म्हणून. थांबवता येणं हीच मोठी गोष्ट आहे, कारण खरा आर्क थांबवता येत नाही. पहिल्यांदाच असं झालं की शेवटच्या बाकावरच्या पोराला आणि मला एकच गोष्ट दिसत होती.

पण माझ्या हाताच्या व्हिडिओपेक्षा जास्त फरक पडला तो पोरांच्या स्वतःच्या हाताच्या व्हिडिओनं. एक पोरगं होतं, अंगानं दणकट, कष्टाळू, पण बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, अर्ध्यात गेला की फिसकटायचा, सुरुवात चांगली आणि पुढं नुसते तुषार उडालेले, बीड रुंद आणि चपटा. मी त्याला किती वेळा सांगितलं असेल की आर्क लांब होतोय, रॉड जळतो तसा हात खाली आण. तो म्हणायचा, आणतोय की सर. खरंच त्याला वाटत होतं की आणतोय. एक दिवस त्याचा आख्खा रॉड शूट केला, ३.१५ एमएमचा, आणि काही न बोलता मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं एकदा बघितलं, परत मागं नेऊन बघितलं, आणि म्हणाला,

"सर, हात तर तिथंच आहे माझा."

"मग?"

"रॉड संपत चाललाय आणि हात तिथंच."

बास. हेच वाक्य मी त्याला महिनाभर सांगत होतो. पुढच्या रॉडला तो मुद्दाम जास्तच खाली गेला, रॉड चिकटला, शिव्या घालत सोडवला, पण नंतरच्या आठवड्यात बीड सरळ यायला लागला.

आता ह्याची दुसरी बाजू. व्हिडिओ बघून हात बसत नाही. भाकरीचे शंभर व्हिडिओ बघा, पहिली भाकरी नकाशाच होणार. व्हर्टिकलला (उभ्या जोडाला) हात थरथरतो, ओव्हरहेडला (डोक्यावरच्या जोडाला) मानेवर ठिणगी पडते तरी आर्क सोडायचा नाही, हे सगळं रॉड जाळूनच येतं, आणि रॉडला पैसे लागतात, प्लेटला पैसे लागतात. काही लोक आता म्हणायला लागलेत की डिजिटल आलं म्हणजे कच्चा माल कमी लागेल. वर्कशॉपमध्ये कधी उभं न राहिलेला माणूसच असं बोलू शकतो. उलट, डोळ्याला कळायला लागलं की पोरगं जास्त रॉड मागतं.

सिम्युलेटर हा तसा वेगळाच विषय आहे. आयटीआय सुधारायचा, वर्ल्ड बँकेच्या मदतीचा स्ट्राईव्ह प्रोजेक्ट आला, इतरही योजना आल्या, काही आयटीआयमध्ये वेल्डिंगचे सिम्युलेटर बसले. एका ट्रेनिंगला मी त्यावर दोन दिवस काढलेत आणि प्रामाणिकपणे सांगतो, चीज चांगली आहे. हेल्मेटच्या आत स्क्रीन, हातात खोटा होल्डर, आणि आर्कची लांबी, कोन, स्पीड सगळ्याचे मार्क लगेच. अगदी नवीन पोराला, ज्याचा रॉड दर दोन सेकंदाला चिकटतो, त्याला पहिले काही दिवस ह्यावर ठेवलं तर भीती जाते आणि मालही वाचतो. पण त्यात उष्णता नाही, केबलचं वजन नाही, बुटात ठिणगी जात नाही. आणि रॉड खऱ्यासारखा चिकटत नाही. शिवाय एक संस्था मला माहीत आहे (नाव नको) जिथं तो सिम्युलेटर कव्हर घालून कुलपात आहे, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलंय आणि मेन्टेनन्सचा करार कुणी करायचा ह्यावर पत्रव्यवहार चालू आहे. पाहुणे आले की कव्हर निघतं, फोटो होतो, परत कव्हर. लाखाच्या वस्तूचं हे, आणि इकडं माझी पांढरी काच संपली तर मी दुकानात जाऊन खिशातनं आणतो. खरेदीच्या वेळी पुढच्या पाच वर्षांचा रिपेअरचा खर्च धरत नसाल तर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

थिअरीचं सांगायचं राहिलं. आता थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर असतो, ऑब्जेक्टिव्ह. आमच्या पोरांना मोबाईल झोपेत पण चालवता येतो पण माऊस हातात आला की दचकतात, त्यामुळं पेपरच्या आधी कोपा ट्रेडच्या (कॉम्प्युटर ऑपरेटरच्या) लॅबमध्ये हातापाया पडून जागा मिळवायची आणि नुसतं क्लिक करायची सवय लावायची. अभ्यासाला साहित्य मात्र भरपूर आहे, भारत स्किल्सच्या सरकारी साईटवर चेन्नईच्या निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची) पुस्तकं आणि प्रश्नपेढ्या फुकट आहेत, बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही आणि गाईडवर पैसे घालतात. मी त्यातले प्रश्न घेऊन, थोडे आपल्या भाषेत करून, गुगल फॉर्मवर दर शनिवारी एक छोटी टेस्ट टाकतो. मार्कांसाठी नाही टाकत. मला बघायचा असतो तो खालचा आलेख, कुठल्या प्रश्नावर सगळी एकत्र आपटली.

एकदा प्रश्न होता गॅस वेल्डिंगमधल्या ॲसिटिलीनच्या फिटिंगला आटे कुठल्या बाजूचे. डावे. ऑक्सिजनला उजवे. नटावर खाच असते ती ॲसिटिलीनची. हे मी शिकवलेलं, वहीत लिहिलेलं, तरी अर्ध्याहून जास्त चुकलं. चांगली पोरं पण चुकली, म्हणून विचार केला की हे पाठांतराचं नाही, दुसरंच काहीतरी आहे. मग लक्षात आलं, गॅसचा सेट वर्कशॉपमध्ये कायम जोडूनच असतो. पोरं सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडतात, फ्लेम लावतात, बंद करतात, रेग्युलेटर लावायची वेळ कुणावर येतच नाही. सोमवारी दोन्ही सेट काढून ठेवले आणि एकेकाला जोडायला लावले. जो तो ॲसिटिलीनचा नट उजवीकडे फिरवतोय आणि तो काही धरत नाही, एक पोरगं तर म्हणालं "सर आटे गेलेत ह्याचे". नंतर साबणाच्या पाण्यानं लीकेज बघायला लावलं, तेही पहिल्यांदाच. आता तो प्रश्न कुणाचा चुकत नाही. फॉर्मनं काही शिकवलं नाही, पण कुठं हात घालायचा ते दाखवलं, आणि वीस वह्या तपासून मला ते दिसलं नसतं.

व्हॉट्सअॅप ग्रुप तर सगळ्यांचाच असतो. आमचं एवढंच वेगळं की जुन्या बॅचची पोरं मी काढत नाही. त्यामुळं चालू बॅचमधल्या कुणी ब्लो होल (गॅसची भोकं) आलेल्या बीडचा फोटो टाकला की माझ्याआधी चाकणहून उत्तर येतं, "रॉड ओला आहे, वाळवून घे". ते सिनियर दादाचं उत्तर पोरं माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. गुड मॉर्निंगवाल्याला मात्र एक वॉर्निंग, मग बाहेर.

आणि हो, वर्कशॉपमध्ये मोबाईलला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. दारात पेटी आहे, सगळ्यांचे मोबाईल त्यात, आत तो एकच तडा गेलेला, स्टँडवरचा. ग्राइंडर चालू असताना एका पोराला रील बनवताना पकडल्यापासून ह्यात मी कुणाचं ऐकत नाही. यूट्यूबवर पण असले महारथी आहेत, डोळे मिटून, गॉगल घालून, चपलेवर वेल्डिंग मारणारे, लाखांनी व्ह्यूज. पोरं ते बघून येतात. मी आता ते व्हिडिओ मुद्दाम वर्गात लावतो आणि विचारतो, सांगा ह्याचं काय काय चुकलं, यादी करा. फळा भरतो. सेफ्टीचा धडा वाचून दाखवला तर तीच पोरं जांभया देतात.

कोरोनात ऑनलाईन वेल्डिंग शिकवलं त्याबद्दल न बोललेलं बरं. घरात एक मोबाईल, तोही बापाबरोबर रानात.

आता अडलंय ते टिगवर, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकानं करायच्या वेल्डिंगवर. त्याचा आर्क बारीक आणि करंट कमी ठेवला तर ११ ची काच फार काळी पडते, पडल दिसतच नाही, ९ लावली तर टंगस्टनच्या टोकाभोवती सगळं पांढरं होतं. स्टेनलेसच्या पातळ पत्र्यावर तर अजूनच अवघड, चकाकी येते. कुणी मोबाईलवर टिग नीट शूट केलं असेल तर कितीची काच, किती अँपिअर आणि कॅमेरा कुठल्या बाजूला ठेवला एवढं खाली लिहा, पुढच्या महिन्यात तो जॉब घ्यायचाय.