माजुरोतून सुटका: एका साइन ऑफची गोष्ट

अमेरिकेचा सी-वन-डी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचा, व्हिसा संपलेला असेल तर माजुरोला साइन ऑफ घेऊ नका, म्हणजे कंत्राट संपवून तिथे बोटीवरून उतरू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातला पोरगा फोनवर म्हणेल, "सर, होऊन जाईल." होत नाही.

माजुरो ही मार्शल आयलंड्सची राजधानी. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मधोमध, प्रशांत महासागरात. बोटीवर काम करणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. जगातल्या तीन सर्वांत मोठ्या शिप रजिस्ट्रींमध्ये, म्हणजे बोटींची नोंदणी करणाऱ्या खात्यांमध्ये, या देशाची रजिस्ट्री येते. त्यामुळे हजारो बोटींच्या स्टर्नवर, म्हणजे मागच्या टोकावर, बोटीच्या नावाखाली 'माजुरो' रंगवलेलं असतं. मीही कित्येक वर्षं अशाच बोटींवर काढली. त्या देशाचं सीमन बुक, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, माझ्या बॅगेत आहे, त्यावर चोवीस टोकांच्या ताऱ्याचं चित्र आहे. पण त्या गावात पाय ठेवायची वेळ आमच्यातल्या फारच थोड्यांवर येते. रजिस्ट्रीचा कारभारसुद्धा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रेस्टनमधून चालतो.

आमचा छोटा प्रॉडक्ट टँकर कोरियातून डिझेल आणि पेट्रोल घेऊन माजुरोला निघाला होता. तिथे तेलाचा थेंबही निघत नाही, सगळं समुद्रातून येतं. माझं कंत्राट संपून वर मुदतवाढही झाली होती. साइन ऑफ कोरियात परत गेल्यावर द्यायचं ठरलं होतं. मध्येच चार्टररने, म्हणजे बोट भाड्याने घेणाऱ्याने, बोट आणखी दोन-तीन बेटांकडे पाठवायचं ठरवलं आणि मेल आला: रिलिव्हर, म्हणजे तुमच्या जागी काम घेणारा, माजुरोला येतोय, तुम्ही तिथेच उतरा. माझा सी-वन-डी याच कंत्राटात, बोटीवर असताना संपला होता. ऑफिसकडे त्याची प्रत होती आणि मी लेखी कळवलंही होतं. उत्तर आलं, "नोटेड, सर."

रिलिव्हर आला, हँडओव्हर झाला, कॅप्टनने सही केली, इमिग्रेशनचे कागद झाले. या सगळ्याला काहीच वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बोट माझ्या डोळ्यांदेखत पॅसेजमधून बाहेर पडली आणि मी कंपनीच्या तिथल्या एजंटच्या ऑफिसात जाऊन बसलो. एजंट म्हणजे तिथल्याच एक पन्नाशीच्या बाई. त्यांनी पासपोर्ट उघडला, पानं चाळली आणि विचारलं, "अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे?"

इथून खरी कथा सुरू होते.

माजुरोतून विमानाने बाहेर पडायचे रस्ते बोटावर मोजण्याइतके. मुख्य म्हणजे युनायटेडचं 'आयलंड हॉपर'. हे विमान होनोलुलूहून निघून माजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोनपे, चुउक अशी बेटं घेत ग्वामला जातं. ग्वाम अमेरिकेचं, होनोलुलू अमेरिकेचं. भारतीय पासपोर्टवाल्याला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. मधलं क्वाजालेन तर अमेरिकी लष्कराचा तळ, तिथे परवानगीशिवाय उतरूच देत नाहीत. उरलं नाउरूच्या विमान कंपनीचं विमान. ते किरिबाटीतल्या तारावावरून नाउरू आणि पुढे ब्रिस्बेन गाठून देतं. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आला, सबक्लास ७७१. त्याला फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. नाउरूत मुक्काम पडणार असेल तर तिथलीही परवानगी आधी घ्यावी लागते, हे एजंटबाईंनी जाता जाता सांगितलं. विसरू नका.

ऐकायला सोपं वाटतं. मी ऑफिसला मेल केला, अर्ज करा म्हणून. त्यांनी केला, पण पुढच्या प्रवासाचं तिकीट न जोडता. तिकडून मागणी आली की ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायचं कन्फर्म तिकीट दाखवा. बरोबरच आहे, ट्रान्झिट व्हिसा मागणारा माणूस पुढे कुठे जाणार ते त्यांना कळायला नको? मी ऑफिसला सांगितलं, ब्रिस्बेन-सिंगापूर-मुंबई तिकीट काढा. उत्तर: "सर, व्हिसा आला की लगेच तिकीट काढतो. व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे वाया जातील, अकाउंट्सवाले ऐकत नाहीत."

व्हिसावाले म्हणतात आधी तिकीट, ऑफिस म्हणतं आधी व्हिसा. मधे मी.

यात वेळेचं गणित आणखी जीवघेणं. माजुरो आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. मुंबईत सकाळी दहाला ऑफिस उघडतं तेव्हा तिथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि एजंटबाई पर्स आवरत असतात. मी सकाळी उठून मेल पाठवायचा, तो मुंबईत कुणी बघेपर्यंत इथला दिवस मावळायचा. उत्तर यायचं ते रात्री, आणि त्यात काय, तर "कॉन्सर्न्ड डिपार्टमेंटला फॉरवर्ड केलंय." असं वाक्य लिहिणाऱ्याला एकदा तरी लॅगूनच्या, म्हणजे बेटांच्या कड्यातल्या समुद्राच्या, काठी सामानासकट सोडून यावं, असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं.

म्हणून सांगतो, फोन करायचा तर तिथल्या दुपारनंतरच करा आणि मेलमध्ये तुमची तारीख आणि वेळ स्पष्ट लिहा. आमच्यात एकदा "उद्या" या शब्दावरून पूर्ण दिवस गेला.

त्यातच १ मार्च आला. २०२४ साली तो शुक्रवारी होता, म्हणजे पुढे शनिवार-रविवार. सगळी सरकारी कार्यालयं बंद. मी वैतागून हॉटेलच्या काउंटरवर विचारलं की आज कसली सुट्टी. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, आणि मी जरा वरमलो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने इथल्याच बिकिनी अटॉलवर, म्हणजे पोवळ्याच्या कड्यासारख्या बेटांवर, 'कॅसल ब्राव्हो' हा हायड्रोजन बाँब फोडला. पंधरा मेगाटन, हिरोशिमाच्या साधारण हजारपट. वाऱ्याबरोबर राख राँगेलाप या दुसऱ्या अटॉलवर पडली आणि तिथल्या लोकांना दोन दिवसांनंतर हलवलं गेलं. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक मिळून ६७ चाचण्या झाल्या. बिकिनीच्या लोकांना १९४६ मध्येच उठवलं होतं. मधे काही जण परतले, पण १९७८ मध्ये त्यांनाही पुन्हा हलवावं लागलं, आणि आजही ते आपल्या बेटावर कायमचे राहायला जाऊ शकलेले नाहीत. त्या दिवशी लोक मोर्चाने निघाले, त्यात शाळकरी मुलंही होती. त्या वर्षी घटनेला सत्तर वर्षं झाली होती.

शनिवारी-रविवारी काय करणार? चालणार. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "अहो, बेट आहे ना, मग मजा करा की." मजा म्हणजे काय, तर एकच रस्ता. माजुरोचं अटॉल म्हणजे लॅगूनभोवती पडलेली फुटकी बांगडी. लॅगून जवळजवळ तीनशे चौरस किलोमीटर आणि जमीन दहासुद्धा नाही. पूर्वेच्या रिटापासून पश्चिमेच्या लॉरापर्यंत पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, अमेरिकेसारखी उजवीकडून गाडी. अनेक ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की एका हाताला महासागर, दुसऱ्या हाताला लॅगून, मधे दोन-चार घरं. उंची समुद्रसपाटीपासून सरासरी दोनेक मीटर. शेअर टॅक्सी मिळते, हात केला की थांबते. नदी नाही, ओढा नाही. गावाच्या पाण्याचा मोठा भाग विमानतळाच्या धावपट्टीवर पडलेल्या पावसाचा, तो गोळा करून टाक्यांत साठवतात. मार्च हा तिथला कोरडा महिना, त्यामुळे प्यायला बाटलीतलं पाणीच घ्या. महाग असतं. डॉलर अमेरिकन चालतो, सुटे ठेवा.

लॅगूनमध्ये मात्र गर्दी. टुना पकडणारी जहाजं आणि मासे भरून नेणारी रीफर, म्हणजे शीतगृहाची, जहाजं एकमेकांना चिकटून उभी. माल एका जहाजातून दुसऱ्यात चढवण्याचं हे जगातल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. मी इंजिनवाला माणूस, तरी तास-तास बघत बसायचो. दुकानात काड्यांचे नकाशेही दिसले. नारळाच्या झावळीच्या शिरांची जाळी, बेटांच्या जागी कवड्या. पण त्या काड्या समुद्रात उठणाऱ्या लाटा बेटाला आदळून कशा वळतात ते दाखवतात. जुने खलाशी तो नकाशा किनाऱ्यावरच पाठ करायचे, होडीत न्यायचेच नाहीत. आमच्या ब्रिजवरच्या पोरांना हे सांगितलं तर हसतील.

सोमवारी एजंटबाईंच्या ऑफिसात पुन्हा हजेरी. तोवर आमची चांगली ओळख झाली होती. त्यांचा मुलगा आर्कान्सातल्या स्प्रिंगडेलला कोंबड्यांच्या कारखान्यात काम करतो. तिथे हजारो मार्शलीज राहतात. १९८६ पासून अमेरिकेशी त्यांचा 'कॉम्पॅक्ट' आहे. त्यानुसार हे लोक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहू शकतात, नोकरी करू शकतात. बदल्यात संरक्षण अमेरिकेकडे आणि क्वाजालेनचा तळही अमेरिकेकडे. म्हणजे बाई उठून त्याच संध्याकाळी होनोलुलूला जाऊ शकत होत्या, आणि त्यांच्याच देशाचं सीमन बुक घेतलेला मी विमानाच्या शिडीलाही हात लावू शकत नव्हतो. सीमन बुक हा प्रवासाचा परवाना नव्हे, हे मला माहीत होतं. तरी चीड यायची ती आलीच.

मी चिडलेला बघून त्या हसल्या. "तुमचं काम मुंबईत अडकलंय, आमचं वॉशिंग्टनमध्ये." कॉम्पॅक्टच्या पुढच्या वीस वर्षांचे साधारण २३० कोटी डॉलर ठरले होते, पण अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लांबत चालली होती. जेवणाच्या टेबलांवरही तोच विषय असायचा. (त्याच महिन्यात मंजुरी झाली. माझ्या आधी नाही, एवढंच समाधान.)

त्यांनीच नितिजेला दाखवली, डेलापमधली संसद. ३३ सदस्य, चोवीस मतदारसंघ, आणि राष्ट्राध्यक्ष निवडतात हेच सदस्य, आपल्यातूनच. जानेवारीत हिल्डा हाइने दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. शिवाय बारा इरोइजांची, म्हणजे पारंपरिक प्रमुखांची, एक परिषद आहे. ती कायदे करत नाही, पण जमीन आणि रूढींचा प्रश्न आला की तिचं मत लागतं. जमीन तिथे आईकडून येते. बाई म्हणाल्या, "हे ऑफिस भाड्याचं आहे, पण रिटामधलं घर माझ्या आईच्या वंशाचं आहे, ते कुणी मला विचारल्याशिवाय हलवू शकत नाही." ऑगस्ट २०२५ मध्ये नितिजेलाची ती इमारत आगीत जळाल्याची बातमी वाचली तेव्हा त्या बाईंनाच मेसेज केला होता.

तर, सुटका कशी झाली. मी ऑफिसशी गोड बोलणं थांबवलं. एमएलसी, म्हणजे मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या २.५ या नियमात लिहिलेलं आहे की कंत्राट संपलेल्या खलाशाला घरी पोचवायचा खर्च बोटमालकाचा. तिकीट आलं, राहणं आलं, जेवण आलं. मी चार ओळींचा मेल लिहिला: नियम क्रमांक, कंत्राट संपल्याची तारीख, साइन ऑफची तारीख, आणि व्हिसासाठी कन्फर्म तिकीट हवं ही मागणी जोडपत्रासकट. सीसीमध्ये बोटमालकाची कंपनी, कॅप्टन आणि फ्लॅगचं, म्हणजे बोट नोंदलेल्या देशाचं, प्रशासन. त्या देशाच्या राजधानीत बसून त्या देशाच्या रजिस्ट्रीला मेल करायचा, आणि तो जाणार व्हर्जिनियाला! पण पाठवला.

रागाने लिहू नका. मी पहिला मसुदा रागाने लिहिला होता, एजंटबाईंनी वाचून विशेषणं खोडायला लावली. त्यांनीच तोवर एक कामाची गोष्ट सुचवली: पूर्ण परतावा मिळणारं तिकीट घ्या, म्हणजे अकाउंट्सवाल्यांना रडायला कारण नाही. ही इतकी साधी गोष्ट मुंबईत बसलेल्या एकाही माणसाला सुचली नव्हती. रात्री तिकीट आलं, तेही "ॲज पर युअर काइंड रिक्वेस्ट" म्हणून. अर्जाला जोडलं, आणि व्हिसा मग फार रखडला नाही. मेलमध्ये पीडीएफ दिसली तेव्हा मी हॉटेलच्या पोरीला आइस्क्रीम दिलं.

विमानतळावर नीट जा, वेळेआधी. तिथे चेक-इनवाला प्रत्येक कागद स्वतः वाचतो: व्हिसा, पुढचं तिकीट, कंपनीचं पत्र, सीडीसी (भारतीय सीमन बुक). सगळं छापून न्या, फोनवर दाखवू नका. ब्रिस्बेनला तासाभरात सुटलो.

हॉटेलचं बिल कंपनीने थेट भरलं. बाहेर जेवलो त्याचे आणि टॅक्सीचे पैसे मात्र ऑफिस अजून देतंय. ओरिजिनल पावत्या पाठवा म्हणाले. पाठवल्या आहेत स्कॅन करून, ओरिजिनल माझ्याकडेच ठेवल्यात. हवे असतील तर घरी येऊन घेऊन जावेत.