चौकटच्या आकाराचं नाणं

इंग्लंडच्या यादवीतली, म्हणजे राजा विरुद्ध पार्लमेंट या लढाईतली नाणी पाहायला बसलो की मी न्यूअर्कवर अडकतो. १६४५-४६मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्या बाजूचं हे गाव वेढ्यात सापडलं. शिपायांचा पगार तर द्यायलाच हवा! मग चांदीची ताटं-भांडी कापून, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचे तुकडे पाडून त्यांवर ठसे मारले. एका बाजूला मुकुट, ‘सी’ आणि ‘आर’ (कॅरोलस रेक्स, म्हणजे राजा चार्ल्स) ही अक्षरं, खाली किंमत: ३०, १२, ९ किंवा ६ पेन्स. दुसरीकडे गावाचं नाव आणि साल. काही नाण्यांवर जुन्या भांड्याचा सोन्याचा मुलामा अजून दिसतो. कुणाच्या घरातलं ताट होतं कोण जाणे.

खरी गंमत लंडनची. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातली टांकसाळ १६४२पासून पार्लमेंटच्या ताब्यात, तरी नाण्यांवर मुखवटा राजाचाच. ज्याच्याशी लढाई, त्याच्याच नावाने पगार! अर्थात बाजारात ओळखीचं नाणंच चालतं.

राजाच्या बाजूच्या पाँटिफ्रॅक्ट किल्ल्यातले लोक मात्र हट्टी. जानेवारी १६४९मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, तरी वेढ्यातल्या त्या किल्ल्याने नाणी पाडली ती थेट त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने. मार्चमध्ये किल्ला पडला.