कुंपणालगतचे कंद

बागेतल्या एखाद्या झाडाचा भाग कोणाच्या पोटात गेला आणि ते झाड कोणते हे रुग्णालयाला उलगडत नसेल, तर आमच्या वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियमकडे, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाकडे, विचारणा येते. बहुतेक प्रकरणे लवकर मिटतात. लहान मुलाने कुंडीतल्या डिफेनबेकियाचे पान चावलेले असते; त्या पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार स्फटिकांनी जीभ आणि ओठ इतक्या लवकर चुरचुरू लागतात की मूल दुसऱ्यांदा तोंड लावतच नाही. कण्हेर आणि बिट्टी यांच्या बाबतीत मात्र धावपळ होते, कारण दोन्हींतली विषद्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. तरीही ही झाडे सदाहरित असल्यामुळे हाताशी डहाळी असते, आणि कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या वेढ्यांत तर बिट्टीची एकेक करून आलेली असल्याने नुसत्या डहाळीवरूनही दोन्ही वेगळी सांगता येतात. ज्या दिवसाविषयी मी लिहिते आहे, त्या दिवशी आमच्यासमोर ना पान होते, ना फूल.

रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमचा फोन सकाळीच आला. एकाच घरातले तिघे, आजी, त्यांचा मुलगा आणि सून, पहाटेपासून उलट्या-जुलाबांनी हैराण होऊन दाखल झाले होते. आदल्या रात्री त्यांनी बागेतली रताळी उकडून खाल्ली होती. घर त्यांनी नुकतेच विकत घेतले होते आणि बाग आधीच्या मालकांनी केलेली होती. वाफ्यात रताळ्याचे वेल होतेच, त्यामुळे सुनेने कुंपणापर्यंत खणत जाताना जे कंद लागले ते सगळे एकाच टोपलीत टाकले. आजींना चव कडवट लागली म्हणून त्यांनी अर्धे टाकून दिले, पण मुलाने पोटभर खाल्ले होते.

“एक कंद उरला आहे, शेजारी तो घेऊन आले आहेत,” मॅडम म्हणाल्या. “फोटो पाठवते. रताळं आहे की नाही, एवढं तरी सांगा.”

फोटोत हातभर लांब नसलेला, बोटाएवढ्या जाडीचा, मधोमध वाकून दोन फाटे झालेला कंद होता. साल फिकट तपकिरी आणि गुळगुळीत होती. मी त्यांना तो ताजा चिरून लगेच दुसरा फोटो काढायला आणि शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगितले. रताळे चिरले की सालीलगत पांढरा चीक पाझरतो. इथे काप कोरडा, पांढरा आणि पिठूळ दिसत होता. कोनफळाच्या जातीतल्या कंदांवर तंतुमुळे चिकटलेली असतात, तीही नव्हती. उलट एका फाट्याच्या अगदी टोकाशी बारीक, फुगीर डोळा होता. रताळ्याला असा एकुलता ठळक डोळा टोकावर नसतो. दुभागलेला कंद आणि फाट्याच्या टोकाचा डोळा या दोन गोष्टी एकत्र आल्या की बागकाम करणाऱ्याच्या मनात पहिले नाव कळलावीचे येते.

अशा वेळी खात्री होईपर्यंत गप्प बसणे मला मान्य नाही. जे दिसते ते आणि जे अजून पडताळायचे आहे ते, दोन्ही वेगवेगळे करून लगेच सांगावे, कारण उपचारांची दिशा ठरवायला डॉक्टरांना तेवढेही पुरते. मी म्हणाले, “मॅडम, रताळं नक्की नाही. माझा संशय कळलावीवर आहे. थोड्या वेळात पक्कं सांगते, पण तोवर कोल्चिसीनची विषबाधा धरूनच चला.” पलीकडे क्षणभर शांतता होती, मग त्यांनी तिघांच्याही रक्ताच्या तपासण्या वाढवायला सांगितल्याचे मला फोनवरच ऐकू आले.

कळलावीच्या कंदातले विष म्हणजे कोल्चिसीन, आणि त्याचे वागणे फसवे असते. खाल्ल्याबरोबर काहीच होत नाही. कित्येक तासांनी उलट्या, पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात आणि ते सगळे शिळ्या अन्नाच्या बाधेसारखेच दिसते. पेशी विभागताना तिच्या आत ज्या सूक्ष्मनलिका उभ्या राहतात, त्यांची जुळणी हे द्रव्य रोखते. म्हणून शरीरात ज्या पेशी सतत विभागत असतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे, त्यांच्यावर घाला आधी पडतो. पहिला त्रास ओसरल्यासारखा वाटत असतानाच पुढच्या काही दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात आणि मूत्रपिंड, यकृत, हृदय यांवर ताण येऊ शकतो. उकडल्याने विष नाहीसे होत नाही, डायलिसिसने ते शरीरातून काढता येत नाही आणि सहज मिळेल असा उताराही नाही. त्यामुळे रुग्णाला ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी पाठवायचे की निगराणीखाली ठेवायचे, हा निर्णय झाडाच्या नावावर अवलंबून होता.

याच द्रव्याचे फुलशेतीवर मोठे ऋणही आहे, हे इथे सांगायला हवे. पेशीविभाजन अर्ध्यावर थांबवून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे १९३७ मध्ये अल्बर्ट ब्लेकस्ली आणि एमॉस एव्हरी यांनी कोल्चिसीन वापरून दाखवले, आणि पुढे डेलिलीसारख्या शोभेच्या फुलांच्या जाड पाकळ्यांच्या अनेक जाती याच मार्गाने तयार झाल्या. गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर डॉक्टर ते आजही अत्यल्प मात्रेत देतात. मात्रा किती आहे हे कंदाकडे पाहून कळत नाही, एवढाच भयंकर फरक आहे.

नाव पक्के करण्यासाठी मला ती जागा पाहायची होती. शेजारच्या काकांना मी फोनवर विनंती केली, “काका, कंद जिथून निघाले तिथली माती तशीच राहू द्या, आणि कुंपणाच्या जाळीवर काही वाळलेलं अडकलं असेल तर ते न तोडता फोटो काढा.” काकांनी अतिशय नेटके फोटो पाठवले. पहिल्या काहींत फक्त उकरलेली माती होती. नंतरच्या एका फोटोत जाळीच्या तारेला धरून वीतभर वाळलेला, पेंढ्याच्या रंगाचा दांडा लोंबत होता. त्यावर एकच पान उरले होते. ते पान लांबट, भाल्यासारखे होते आणि त्याचे टोक निमुळते होत जाऊन तारेभोवती घट्ट वेढे घेऊन बसले होते. इतर बहुतेक वेलींना ताणे निघतात ते खोडापासून किंवा पानांच्या बगलेतून. पानाचे टोकच लांबून ताणा झालेले फार थोड्या वनस्पतींत आढळते. त्याच दांड्याच्या खालच्या अंगाला एक उकललेले बोंड होते आणि त्यात सुकून आक्रसलेल्या लालसर बिया चिकटून होत्या. हर्बेरियममधला कळलावीचा नमुना शेजारी ठेवून मी प्रत्येक खूण ताडून पाहिली आणि डॉक्टरांना लेखी कळवले: ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजेच कळलावी. दुपारी प्रत्यक्ष कंद हाती आल्यावर त्याला दुजोरा मिळाला.

हे झाड फुलावर असताना ओळखू न येणारा माणूस विरळा. सहा पाकळ्या मागे उलटलेल्या, कडांना नागमोडी चुण्या, उमलताना हिरवट पिवळा आणि मग केशरी होत गडद लाल होणारा रंग, आणि स्त्रीकेसराचा दांडा तळाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेला. पण या कुटुंबाने ते फूल कधी पाहिलेच नव्हते. कळलावी बहर संपला की पिवळी पडते, वरचा भाग मरून जातो आणि कंद सुप्तावस्थेत जातो. चांगला बागवान या काळात पाणी तोडतो, वाळलेला वेल कापून टाकतो आणि कंदांना हात लावत नाही, कारण ते ठिसूळ असतात आणि टोकाचा डोळा मोडला तर त्या फाट्याला पुन्हा कोंब येत नाही. आधीच्या मालकांनी सगळे रीतसर केले होते, आणि त्यामुळेच ती जागा मोकळ्या वाफ्यासारखी दिसत होती. जागेवर पाटी नव्हती. माझ्या मते कंदवर्गीय विषारी फुलझाडाची पाटी ते फुललेले असते तेव्हा नसली तरी चालेल, पण ते जमिनीखाली असते तेव्हा असायलाच हवी. आणि खाण्याच्या कंदांच्या वाफ्याला लागून असे झाड लावण्याचा तर विचारही होऊ नये.

तिघेही वाचले. आजी आणि सून लवकर सावरल्या. मुलाच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या होत्या, पण डॉक्टरांनी तो धोका आधीच हेरून त्याला वेगळ्या खोलीत निगराणीखाली ठेवले होते. पुढे त्याचे केस झपाट्याने गळले आणि यथावकाश पुन्हा उगवले.

ते घरी परतल्यावर मी बाग पाहायला गेले. सुनेला ते झाड जाळून टाकायचे होते आणि तिचा राग मला पूर्णपणे समजत होता. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ही वेल रान माजवते तिथे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, मीही ती उपटून टाकण्याच्याच बाजूने उभी राहीन. कंद आणि बिया दोन्हींनी पसरत ती तिथल्या मूळ वनस्पतींची जागा घेते. पण आशिया आणि आफ्रिकेतल्या ज्या भागांत ती मूळची आहे, तिथे औषधांसाठी कंद खणून खणून काही ठिकाणी ती विरळ झाली आहे. म्हणून मी ते कंद उद्यानासाठी मागितले. हातमोजे घालून आम्ही तो पट्टा खोलवर उकरला, माती चाळली, मोडके तुकडे पिशवीत बंद केले आणि बोंडातल्या बिया वेचल्या. आजी शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि चाळणीत राहिलेला प्रत्येक खडा हातात घेऊन “हे काय?” असे विचारत होत्या. मी प्रत्येक वेळी उत्तर दिले.

आमच्या रोपवाटिकेतून कळलावीचा कंद देताना सोबत एक कार्ड दिले जाते. त्यावर पूर्वी फक्त फुलाचे छायाचित्र असे. आता त्याच्या शेजारी दुभागलेल्या कंदाचे आणि तारेला वेढलेल्या वाळक्या पानाचे छायाचित्र असते, आणि ‘कंद अत्यंत विषारी’ ही ओळ झाडाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलेली असते. एवढ्या मोठ्या अक्षरांनी गिऱ्हाईक बिचकेल, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. अक्षरे लहान करायला मी तयार झाले नाही.