बांधीव खंडात कथा शोधताना

मराठी कथा पुस्तकाआधी नियतकालिकात आली. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून स्फुट गोष्टी दिल्या. 1895 पासून काशिनाथ रघुनाथ मित्रांचं ‘मासिक मनोरंजन’ आलं. 1909 चा पहिला दिवाळी अंकही त्यांचाच. ‘यशवंत’ 1928 पासून कथेलाच वाहिलेलं होतं, तर 1933 मध्ये सुरू झालेली ‘सत्यकथा’ 1982 पर्यंत चालली. या मासिकांतल्या कितीतरी कथा पुढे संग्रहांत आल्याच नाहीत. त्या मासिकांच्या बांधीव खंडांतच आहेत, आणि खंड फाटला की गेल्या.

खानदेशात जुनी वाचनालयं चांगली आहेत. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय 1877 सालचं. अशा कुठल्याही ठिकाणी खंड हाती आला की पहिली अडचण एकच असते, अंकाची तारीख सापडत नाही. बाइंडर सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा, आणि महिना, किंमत, कधीकधी संपादकाचं नावही त्याच पानांवर असायचं. शिवाय कडा कापताना पृष्ठांकही अर्धे जायचे.

अशा वेळी आधी खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी वार्षिक अनुक्रमणिका बांधली आहे का ते पाहा. नसेल तर पृष्ठांक कामाला येतात, कारण बरीच मासिकं पूर्ण खंडाला सलग आकडे द्यायची. अंक साधारण 80 पानांचा असेल तर 347 वं पान पाचव्या अंकात येतं. खंड जानेवारीपासूनचा असेल तर तो मे महिना. मात्र जोडअंक किंवा जाड दिवाळी अंक मध्ये आला की हा हिशेब चुकतो, म्हणून मागच्या-पुढच्या क्रमशः कादंबरीच्या प्रकरणाशी ताडून घ्या.

शके दिलं असेल तर चैत्र ते कार्तिक 78 मिळवा, माघ-फाल्गुनाला 79. मार्गशीर्ष शके 1838 म्हणजे 1916 चा शेवट, माघ शके 1838 म्हणजे 1917. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष इंग्रजी सालाच्या सीमेवर येतात, तिथे तिथी पाहावी लागते.

वाचनालयाचा शिक्काही नीट वाचा. त्यावर ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल तर शिक्का 1906 च्या जिल्हा-विभाजनानंतर बनवलेला आहे. नुसतं ‘खानदेश’ असेल तर त्याआधीचा असू शकतो, पण एवढ्यावर साल ठरवू नका, जुने शिक्के पुढेही वापरात राहायचे. किंमत आण्यांत छापलेली असेल तर अंक बहुधा एप्रिल 1957 च्या आधीचा, ‘न. पै.’ (नये पैसे) असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतला.

नोंद करताना शीर्षक छापलंय तसंच उतरवा. ‘कांहीं’, ‘नांव’ यांवरचे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे आहेत, ते ‘सुधारले’ की पुढच्याला मूळ शीर्षक मिळत नाही. कथेच्या शेवटची बारीक ओळ तर हमखास पाहायची. ‘रूपांतरित’, ‘आधारे’ असे शब्द तिथे दडलेले असतात. ती ओळ सुटली की परभाषेतली गोष्ट स्वतंत्र मराठी कथा म्हणून नोंदली जाते आणि पुढचे सगळे तीच चूक उचलतात.

आता कागदाकडे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मुळातच आम्लधर्मी असतो, त्यात आपल्याकडचा वैशाख. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्या काळातल्या अंकांची पानं सर्वांत आधी तुटतात. कोरड्या उन्हाळ्यात पान दुमडलं की कडकन मोडतं. तेच पान भाद्रपदात हवेतल्या ओलीमुळे जरा लवचीक होतं. म्हणून फोटो काढायचं काम पावसाळा सरताना घ्यावं, एप्रिल-मेमध्ये नको. धान्य-कपड्यांसारखी मासिकांना ऊन दाखवायची सवय तर बंदच करा. कसर उन्हाला घाबरून पळते, पण पुढे परत येते आणि कागद मात्र कायमचा पिवळा पडतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका. डिंक तपकिरी होऊन अक्षरांत मुरतो आणि टेप निघताना छपाईही घेऊन निघते. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती टाळा, तांब्यामुळे कागद लवकर झिजतो. गंजलेली टाचणी (स्टेपल) ओढून काढायची नाही. अंक मधून उघडा, टाचणीखाली जाड प्लास्टिकची पट्टी सरकवा, आतले दोन्ही पाय बोथट सुरीने सरळ करा आणि मग बाहेरच्या बाजूने अलगद उचला. त्या भोकांतून सुती दोऱ्याने दोन टाके घातले की पुरे.

फोटो काढताना प्रत्येक अंकाचं पहिलं पान, अनुक्रमणिका आणि शिक्का आधी घ्या, मग कथा, आणि प्रत्येक फाइलच्या नावात मासिक, वर्ष, अंक, पृष्ठ याच क्रमाने लिहा. नुसत्या कथेचे फोटो आणले तर घरी आल्यावर ती कुठल्या अंकातली हे सांगता येत नाही.